मुक्या कॅमेऱ्याची लग्नसराई

लग्नसराई तोंडावर आली की माझा स्वभाव बिघडतो. एरवी मी तशी बरी बाई आहे, असं निदान आमच्या गल्लीत तरी म्हणतात. पण उन्हं तापायला लागली, मांडवाचे बांबू भरलेले टेम्पो हायवेवरून जाऊ लागले, समोरचे बँडवाले दुपारच्या सामसुमीत ट्रम्पेट घासायला बसले, की मला सगळ्यांचाच संशय यायला लागतो. चार्जरवरची बॅटरी खरंच भरली आहे, की नुसताच हिरवा दिवा दाखवते आहे? कार्ड रिकामं केलं होतं, ते नक्की रिकामं आहे ना? रुमालानं पुसलेली लेन्स मी पुन्हा उजेडात धरून बघते, आणि मग रुमालही झटकून बघते.

आमचा स्टुडिओ उमरग्यात, अगदी हायवेला लागून. ट्रक दिवसभर चालूच असतात आणि त्यांची धूळ काउंटरवर, अल्बमवर, चहाच्या सायीवर, सगळीकडे बसते. इरफान म्हणजे माझे मालक, माझा नवरा. पुरुषांकडचे फोटो आणि व्हिडिओ ते काढतात, बायकांची बाजू माझी. आमच्या समाजात हळदीच्या दिवशी बायकांच्या खोलीत गडीमाणसाला मज्जाव असतो. बुरखे खुंटीला, केस मोकळे, मधोमध ढोलक. रस्त्यानं मान खाली घालून जाणाऱ्या बायका तिथं अशा नाचतात की त्यांच्या नवऱ्यांनाही खरं वाटणार नाही. त्या खोलीत कॅमेरा घेऊन जायला मिळणं साधी गोष्ट नाही. मुरूमपासून नळदुर्गापर्यंत मला ती मुभा होती. सगळ्या मला आपा म्हणायच्या, माझ्याहून मोठ्या होत्या त्यासुद्धा.

त्या खोलीचा एक कायदा होता. मी कॅमेरा डोळ्याला लावला की जिला फोटोत यायचं नाही तिनं तोंड भिंतीकडं फिरवायचं. मग कॅमेऱ्याचा खट् असा आवाज यायचा आणि सगळी तोंडं पुन्हा फिरायची, गाणं अडलं होतं तिथून पुढं सुरू व्हायचं. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. परकर नेसणाऱ्या पोरींनाही ते ठाऊक असायचं. खट् झालं म्हणजे फोटो निघाला, आता मोकळं व्हायला हरकत नाही. तेव्हा मला वाटायचं, या बायकांचा माझ्यावर केवढा विश्वास आहे! आता वाटतं, माझ्यावर थोडा असेल, बाकीचा त्या आवाजावर होता.

नवा कॅमेरा आमच्याकडं आला तो अशाच एका उन्हाळ्याच्या तोंडावर. इरफाननी तो हैदराबादहून आणला. खोक्यावरचं प्लास्टिक त्यांनी फाडलं नाही, नखानं अलगद सोडवलं. आत काळी, हलकी बॉडी, आणि कापडी पिशव्यांत गुंडाळलेल्या लेन्स. नवी नवरी घरात आल्यावर सगळे उगाच हळू बोलतात तसे आम्ही हळू बोलत होतो.

"ह्याच्यात आरसा न्हाय," इरफान म्हणाले.

"मग काय हाय?"

"कायच न्हाय. डायरेक्ट."

डायरेक्ट म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नसतो. मी डोळा लावून पाहिलं. जुन्या कॅमेऱ्यात डोळा लावला की समोरचं माणूस दिसायचं, आरशातून का होईना पण खरं माणूस. यात इरफान दिसत नव्हते, इरफानचं टीव्हीवरचं चित्र दिसत होतं. ते चित्र खऱ्यापेक्षा उजळ होतं. मी डोळा काढून इरफानकडं पाहिलं, पुन्हा लावला, पुन्हा काढला. ते म्हणाले, "काय बगायलीस?" मी म्हटलं, "कुठला खरा ते बगायले."

मग ती हिरवी चौकट. माणूस दिसलं की ही चौकट आपोआप जाऊन त्याच्या डोळ्यावर बसते आणि माणूस हललं तरी सोडत नाही. इरफान त्यावर भाळले होते. मला मात्र ते पोलिसी काम वाटायचं. सेहऱ्याच्या फुलांआडून, मुंडावळ्यांच्या मोत्यांमधून, झिरझिरीत घुंगटामागून, कुठूनही डोळा हुडकायचा. एका बौद्ध लग्नात तर गंमतच झाली. पांढऱ्या साडीतली नवरी, पांढऱ्या सदऱ्यातला नवरा, मागं बुद्धमूर्ती, आणि चौकट त्या दोघांना सोडून जी मूर्तीच्या मिटलेल्या डोळ्यांवर जाऊन बसली ती हलेचना. मी बोटानं चारदा ओढून आणली, चारदा ती परत गेली. नवऱ्याची आई विचारत होती, "काय झालं ओ ताई?" मी म्हटलं, "काय न्हाय, कॅमेऱ्याचं मन लागलंय." कॅमेरा आल्यापासून त्याचं मला पटलेलं ते पहिलं काम.

लेन्सचं आणखी वेगळं. पंच्याऐंशी एमएमची एक लेन्स होती, तिचं तोंड भलंमोठं. ती लावली की नवरी लख्ख आणि तिच्या मागचं सगळं विरघळून जायचं. मांडव, खुर्च्या, पंखा, रुसून बसलेली जाऊ, काहीच उरायचं नाही. अल्बम बघणारे खूश व्हायचे, "शिनिमावानी आलंय" म्हणायचे. मला शंका यायची, की हळदीच्या दिवशी नवरी कधी अशी एकटी असते का? तिच्या मागं तर अख्खं घर उभं असतं, कुणी रडणारं, कुणी नाकं मुरडणारं. ते सगळं पुसून टाकायला आपल्याला कुणी सांगितलं? लांबून काढायची पांढरी लेन्सही होती. ती मी बायकांच्या खोलीत कधीच नेली नाही, कारण ती पाहून कुणीही म्हणालं असतं की ही बाई दुर्बीण घेऊन आली.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, हा कॅमेरा आवाजच करत नव्हता. इरफाननी तो मुद्दाम मुका केला होता. निकाहाच्या वेळी नवरदेव 'कबूल है' म्हणतो तेव्हा व्हिडिओत खटखट ऐकू येते, ती नको म्हणून. त्यांच्या बाजूला ते सोयीचंच होतं.

त्या सराईत मी हा मुका कॅमेरा घेऊन बायकांच्या खोलीत पहिल्यांदा गेले ती शाहीनच्या हळदीला. शाहीन आमच्या उमरग्याचीच, दिलेली परंड्याला. तिची आई मवाळ, म्हणून घरातला सगळा कारभार मावशीकडं, रजियाखालांकडं. दुपारची वेळ, पत्र्याची खोली, कूलरची घरघर, हळदीचा आणि ओल्या मेंदीचा वास. मी कॅमेरा डोळ्याला लावला. नेहमीप्रमाणं निम्म्या बायकांनी भिंतीकडं तोंडं केली. मी फोटो काढला. तोंडं तशीच. मी आणखी काढले. ढोलक थांबलेली, बायका भिंतीकडं बघत उभ्या, आणि कूलर तेवढा चालू.

"काढला का न्हाय अजून?" भिंतीकडून कुणीतरी विचारलं.

"काढला की कवाचाच."

"मंग आवाज कसा न्हाय आला?"

"ह्याला आवाजच नसतो."

तशा सगळ्या एकदम वळल्या. रजियाखाला उठून माझ्याजवळ आल्या, कॅमेऱ्याला कान लावला. "दाब बगू." मी दाबलं. "व्हय गं, मेल्यावानी गप हाय. आता कवा काढती अन् कवा न्हाय, आमाला कसं कळावं? आवाज न करता काम करतो तो चोर असतोय आपा." सगळ्या हसल्या. मीही हसले. पण त्यानंतर नाच काही रंगला नाही. बायका नाचता नाचता माझ्या हाताकडं बघायच्या. मी घाम पुसायला हात वर केला तरी दोघीतिघी भिंतीकडं वळायच्या. शाहीन तेवढी मोकळी होती. ती सारखी हसत होती, आणि रजियाखाला तिला दर थोड्या वेळानं म्हणत होत्या, "तोंड मीट गं, उद्या लगीन हाय तुजं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शादीखान्यात परंड्याचं वऱ्हाड उतरलं. आतून दालच्याच्या फोडणीचा वास येत होता, आणि बाहेर पाहुणे खुर्च्यांवर बसायला तयार नव्हते. नवरदेवाच्या भावकीच्या मोबाईल ग्रुपवर शाहीनचा फोटो आला होता. केस मोकळे, डोक्यावर ओढणी नाही, गालाला हळद, आणि खदखदून हसते आहे. सकाळपासून तो चुलते, मामे, आत्या, सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला होता. नवरदेवाचे मोठे चुलते दारातच उभे राहून विचारत होते, "निकाहाच्या आधी आमच्या सुनेचे फोटो गावभर कोण वाटायलंय? घरात कुणाचा वचक हाय का न्हाय?" शाहीनचे वडील हात जोडून उभे. नवरदेव मान खाली घालून रुमालाची घडी करत होता, उलगडत होता. त्याच्याकडं पाहूनच मला काहीतरी खटकलं होतं.

रजियाखालांना उत्तर शोधायला वेळ लागला नाही. "ही! हिचा मुका कॅमेरा! म्या कालच बोलले न्हवते? ते मोबाईलला जोडलेलं असतंय. इकडं दाबलं की तिकडं जातंय!" आणि चिडल्यावर मराठी सुटून दखनीत, "क्या करके रख दी गे आपा तूने!"

मला तो फोटो कुणी धड दाखवलाही नाही. कुणाच्या तरी हातातल्या मोबाईलवर ओझरता दिसला, हसणारं तोंड तेवढं. आणि खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. कॅमेरा इरफानच्या मोबाईलला जोडलेला असायचा, हे खरंच होतं. ते पुरुषांच्या बाजूला होते, मी त्यांना फोन लावला.

"तुमच्या मोबाईलवर कालचे फोटो आलेत का?"

"न्हाय. का?"

"नीट बघा. कुणाला गेलेत का?"

त्यांनी मोबाईल चाळला. मग, "तू माजी झडती घ्यायलीस व्हय?"

"घ्यायले."

"मग तुजी कुणी घ्यावी? कॅमेरा तर तुज्याच हातात होता." फोन बंद. नवराबायकोनं एकमेकांवर एकाच वेळी संशय घेतला की एक बरं असतं, रुसायची पाळी कुणाची हेच ठरत नाही.

मी शाहीनच्या खोलीत गेले. ती लग्नाच्या लाल कपड्यांत तयार होऊन बसली होती. बाहेरचा आवाज आत येत होता. मी दार लोटून घेतलं तशी तिनं माझा हात धरला. मेंदीचा हात, पण गार पडलेला.

"आपा, मी पाठवला. माज्या मोबाईलवरनं, त्यांना."

"त्यांनी मागितला?"

"न्हाय ओ. मलाच वाटलं, मी हसते कशी ते त्यांनी आधी बगावं. मागून म्हणाया नको, बायको लई हसती म्हणून. त्यांनी खुशीत चुलतभावाला दावला, अन् त्यानं टाकला ग्रुपवर. आता काय करू?"

हे बाहेर कळलं असतं तर काय झालं असतं, ते तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. निकाहाआधी पोरीनं स्वतःहून फोटो पाठवला म्हटल्यावर चुलते वऱ्हाड घेऊन परत फिरले असते. पोरीला नाव पडलं असतं, आणि ते नाव अशा गावात मरेपर्यंत पुसत नाही. तो रुमालाची घडी घालणारा गडी काही बोलणार नव्हता. मला त्याचा राग आला, अजूनही येतो.

मी बाहेर आले आणि म्हणाले, "माझ्या कॅमेऱ्यातूनच गेला असंल. नवीन हाय. मला अजून नीट येत न्हाय."

सगळ्यांचे चेहरे कसे सैल पडले ते मी विसरलेले नाही. जणू ते त्याचीच वाट बघत होते. यंत्राची चूक म्हटल्यावर कुणाचीच बेअब्रू होत नव्हती. चुलत्यांनी मला चार शब्द सुनावले, मी ऐकून घेतले. निकाह झाला. दालच्याच्या पंगती उठल्या. आणि माझं बायकांच्या खोलीत जाणं त्या दिवशी संपलं.

ती सगळी सराई मी काउंटरवर बसून काढली. पासपोर्ट फोटो, शाळेच्या दाखल्याचे फोटो, पाठीमागं निळा पडदा. बायका रस्त्यानं जाताना स्टुडिओच्या काचेकडं बघून पदर, ओढणी सारखी करायच्या. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, पण इथं दूध प्यायलं कुणी आणि पोळलं कुणाचं! इरफाननी एकदा जेवताना विचारलं, "खरं सांग, तूच न्हाय ना पाठवला?" मी ताटावरून उठले. त्यांना मी शाहीनचं कधी सांगितलं नाही. ज्याला मला विचारावं वाटतं त्याला सांगायचं कशाला, असं वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात मी कॅमेऱ्याला आवाज लावला. तशी सोय त्यात असते. आतल्या छोट्या स्पीकरमधून खट् वाजतं. एक-दोन घरांनी धीर करून बोलावलं. पण नवरीच्या एका हुशार बहिणीनं कॅमेरा हातात घेऊन ओळखलं, की हा आवाज खोटा आहे, आणि कमी-जास्तही करता येतो. "म्हंजे पाहिजे तवा बंद करता येतोय की!" झालं. मुक्या कॅमेऱ्यापेक्षा खोटं बोलणारा कॅमेरा वाईट ठरला. त्यांचं चुकलं असंही मला म्हणवत नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही भिंतीकडंच तोंड केलं असतं.

हळूहळू थोडी घरं परत आली, बरीच आली नाहीत. अशी काही वर्षं गेली, आणि यंदाच्या सराईच्या सुरुवातीला परंड्याहून फोन आला. हमीदाबींचा, म्हणजे शाहीनच्या सासूबाईंचा. धाकट्या मुलीचं लग्न होतं. "बायकांच्या खोलीत तूच पायजेस," त्या म्हणाल्या. मी फोन ठेवला आणि दिवसभर विचार करत राहिले. ज्या घरानं मला दारात उभं करून बोल लावले, ते घर मलाच का बोलावतंय? उमरग्याहून परंड्यापर्यंत एसटीत माझं तेच चाललं होतं. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुणाचं मयत हाय का?" इतकं तोंड वाईट झालं असणार.

परंड्याच्या घरी हळदीची खोली गच्च भरलेली होती. शाहीन दारातच भेटली. कडेवर लेकरू, अंगानं भरलेली. तिनं काही न बोलता माझी बॅग घेतली. हमीदाबी पलंगावर बसल्या होत्या, गुडघ्याला पट्टा बांधून. मी सलाम केला आणि बसायच्या आधीच विचारलं, "मलाच का बोलावलं खाला? माझ्या कॅमेऱ्याचं तुम्हाला ठाऊक हाय की."

"ठाऊक हाय. तू न्हवता पाठवला, हेबी ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. अगं, फोटूत मागं तूच उभी हाईस, कॅमेरा डोळ्याला लावून. मंग काढला कुणी? सगळे पोरीचे केस बगत बसले. म्या मागचं बगितलं."

मला राग आला. "मग तेव्हाच का न्हाय बोललात?"

"बोलले असते तर लगीन मोडलं असतं. दीर माजे निगालेच होते उठून. कुणाच्या तरी डोक्यावर टाकायचं होतं बाई. तू दोन्ही घरची न्हवतीस. अन् तू आपणहून घेतलंस की. तवाच म्हणलं, ही बाई पोटात ठेवणारी हाय."

"माझं काम गेलं खाला. बायका मला दारात उभं करीनात."

त्या गुडघ्याचा पट्टा सारखा करायला लागल्या. त्यांना हे खरंच माहीत नसावं, किंवा माहीत करून घ्यायचं नसावं. माझा संशय दुसऱ्या शक्यतेवर आहे.

"फोटो काढते," मी म्हणाले, "पण आधी हे सगळ्यांपुढं बोला. उमरग्याच्याबी चारजणी हायत इथं."

हमीदाबींनी शाहीनकडं पाहिलं. आता तिचं नाव निघणार होतं. शाहीननं लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, "सांगा अम्मी. आता मला कोण माघारी धाडतंय?"

हमीदाबी पलंगाचा कठडा धरून उठल्या. ढोलकवालीच्या हातावर हात ठेवून त्यांनी ढोलक थांबवली. "ऐका गं समद्याजणी. शाहीनच्या लग्नातला फोटू ह्या आपानं पाठवला न्हवता. शाहीननंच पाठवला होता, माज्या लेकाला. म्या त्या दिवशी गप बसले, तो माजा मतलब होता. आपाचा कसूर न्हाय." खोलीत थोडा वेळ कुजबुज झाली. उमरग्याची एक म्हातारी म्हणाली, "तरी म्या म्हणत होते," जी ती कधीच म्हणत नव्हती. शाहीनला कुणीतरी कोपरानं ढोसलं आणि ती खुदकन हसली.

मग हमीदाबींनी उशीखालून मोबाईल काढला, बोटानं बराच वेळ वर सरकवत राहिल्या आणि माझ्यापुढं धरला. एवढी वर्षं त्यांनी तो फोटो ठेवला होता. मी तो पहिल्यांदा धड पाहत होते. हात लांब करून काढलेला, तिरका, वरचं कपाळ जरा कापलेलं. मागचं काहीच विरघळलेलं नाही. पत्रा, कूलर, खुंटीवरचे बुरखे, भिंतीकडं तोंड केलेल्या बायकांच्या पाठी, सगळं जिथल्या तिथं. सगळ्याच्या पुढं शाहीन, दात, हिरड्या, मिटून गेलेले डोळे, अशी हसते आहे की माझ्या अख्ख्या कपाटभर अल्बमांत तसं हसणारी एक नवरी नाही. आणि तिच्या मागं, फार तर दोन हातांवर, मी उभी आहे. इतका भारी कॅमेरा डोळ्याला लावून, भलतीकडंच तोंड करून. मी अगदी मन लावून काहीतरी टिपते आहे. काय, ते मला आठवत नाही.

तो फोटो मी काढलेला नाही, हे मी इतकी वर्षं मनातल्या मनात सगळ्यांना ओरडून सांगत आले. हमीदाबींच्या पलंगापाशी उभं राहून मला त्याचं पहिल्यांदा वाईट वाटलं.